जगाचा कर्ता आणि परमेश्वर एकच का? नॉस्टिकांचे उत्तर

नॉस्टिक, म्हणजे आरंभीच्या ख्रिस्ती शतकांतले काही ज्ञानमार्गी गट, यांच्याविषयी मला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. नॉस्टिक नेमके काय मानत? ख्रिस्ती आणि इतर मोठ्या धर्मांपासून ते कुठे फुटतात? आणि ‘ज्ञानाने मुक्ती’ हेच जर त्यांचे म्हणणे असेल, तर ते आपल्या वेदान्ताहून निराळे कसे? आरंभीच्या ख्रिस्ती शतकांतले ग्रंथ वाचण्यात आणि शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. मराठी विद्यार्थी यातला तिसरा भाग हमखास विचारतात, आणि बहुतेक वेळा उत्तर मनात ठरवूनच विचारतात.

म्हणून गाभा आधीच सांगतो. ज्ञानाने माणूस सुटतो हे मत जगात पुष्कळांचे आहे. नॉस्टिकांना वेगळे काढणारी गोष्ट दुसरीच आहे. हे जग ज्याने घडवले तो परमेश्वर नव्हे, असा निवाडा त्यांनी दिला. जग घडवणारा हा खालच्या पायरीचा, अज्ञानी, काही ग्रंथांत तर मत्सरी आणि दुष्ट कारागीर आहे. खरा परमेश्वर त्याच्या पलीकडे आहे, आणि माणसाच्या आत जे जागे होऊ शकते ते त्या पलीकडच्या ठिकाणचे आहे. देह, धर्मग्रंथ, ख्रिस्त, चर्च, मरण यांविषयी नॉस्टिक जे काही बोलतात ते सगळे या एका निवाड्यातून निघते. तो विसरला की त्यांचे ग्रंथ म्हणजे विचित्र नावांची जंत्री वाटू लागते.

हे लोक कोण होते? इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत इजिप्त, सीरिया आणि रोम येथे असे अनेक गट होते. अलेक्झांड्रियात बासिलिडीस होता. तिथेच शिकून १४० च्या आसपास रोममध्ये शिकवणारा व्हॅलेंटायनस होता, आणि टॉलेमी व हेराक्लिऑन हे त्याच्या परंपरेतले मोठे शिक्षक. शतकानुशतके या सगळ्यांची ओळख जगाला मुख्यतः विरोधकांच्या लिखाणातून होत राहिली. लिऑनचा बिशप आयरेनियस याने १८० च्या सुमारास पाखंडमतांविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला, आणि पुढच्या बहुतेकांनी त्याच्याच आधारे नॉस्टिकांचे चित्र रंगवले.

मग डिसेंबर १९४५ मध्ये दक्षिण इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ, जबल अल-तारिफ या डोंगराच्या पायथ्याशी, खताची माती खणणाऱ्या शेतकऱ्यांना एक मोठे मातीचे भांडे सापडले. त्यात कातडी बांधणीची पपायरसची बाडे होती. एकूण १३ बाडे किंवा त्यांचे भाग, त्यांत ५२ लेखने, सगळी कॉप्टिक या इजिप्तच्या जुन्या भाषेत आणि मूळ ग्रीकवरून उतरवलेली. सापडण्याच्या प्रसंगाची जी रंजक कथा सांगितली जाते तिच्या तपशिलांवर आता अभ्यासक शंका घेतात. बाडांच्या काळाविषयी मात्र चांगला आधार आहे: एका बांधणीत पुठ्ठ्यासाठी वापरलेल्या रद्दी कागदपत्रांवर ३४८ पर्यंतच्या तारखा आहेत, तेव्हा ते बाड त्यानंतरचे. पूर्ण संग्रहाचे इंग्रजी भाषांतर १९७७ मध्ये निघाले.

या शोधामुळे आयरेनियसला पडताळून पाहता आले, आणि निकाल संमिश्र लागला. नॉस्टिकांची सृष्टिकथा त्याने एके ठिकाणी इतकी नेमकी दिली आहे की त्याच्या हाती त्यांचे लिखाण होते हे उघड दिसते. पण नॉस्टिक हे स्वैराचारी होते, ‘आम्ही वाचलेलेच आहोत, आता काहीही केले तरी चालेल’ असे म्हणत होते, या त्याच्या आरोपाला बाडांमध्ये आधार मिळत नाही. तिथे उलट उपवास, संयम आणि वासनांचा धाक जागोजागी आहे. नॉस्टिकांवरच्या जुन्या मराठी-इंग्रजी नोंदी वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

आता ती कथा. ती ‘योहानाचा गुप्त ग्रंथ’ या लेखनात सर्वांत सविस्तर येते. त्याच्या चार प्रती मिळाल्या आहेत, तीन नाग हम्मादीच्या आणि एक बर्लिनमध्ये ठेवलेल्या दुसऱ्या एका बाडात. एका ग्रंथाच्या इतक्या प्रती टिकणे ही या साहित्यात मोठी गोष्ट आहे, म्हणून मी नेहमी इथूनच सुरुवात करतो.

सगळ्यांच्या आधी एक अदृश्य आत्मा आहे. त्याला देव म्हणणेही अपुरे, कारण तो देवाहून अधिक आहे. तो मोठा नाही, लहान नाही, त्याला आकार नाही, त्याचे मोजमाप नाही. हा भाग वाचताना उपनिषदांतली ‘नेति नेति’ आठवणारच, आणि आठवण चुकीची नाही. हा आत्मा स्वतःभोवतीच्या प्रकाशात स्वतःला पाहतो, आणि त्या पाहण्यातूनच दुसरी शक्ती प्रकट होते. तिचे नाव बार्बेलो. तिच्यापासून पुढे अनेक दिव्य शक्ती, त्यांना ‘इऑन’ म्हणतात. त्या सगळ्या मिळून पूर्णत्वाचा एक लोक होतो. इथवर कुठेही कलह नाही.

या शक्तींच्या अगदी कडेला सोफिया आहे, म्हणजे प्रज्ञा. तिला वाटले, आपणही काही निर्माण करावे. तिने जोडीदाराच्या संमतीवाचून, परम आत्म्याच्या अनुमतीवाचून ते केले. जे जन्मले ते तिच्यासारखे नव्हते: सिंहाचे तोंड असलेला सर्प, डोळे विजेसारखे चमकणारे. सोफिया लाजली. इतर कोणाला तो दिसू नये म्हणून तिने त्याला एका तेजस्वी ढगात लपवले. त्याचे नाव याल्दाबाओथ. आईकडून त्याने सामर्थ्य उचलले आणि तो दूर निघून गेला. वर काय आहे हे त्याला ठाऊकच नाही. त्याने स्वतःचे आकाश उभे केले, त्यावर अधिकारी नेमले आणि घोषणा केली, ‘मी ईर्ष्यावान देव आहे, माझ्याशिवाय दुसरा देव नाही.’

हे शब्द जुन्या करारातले आहेत. ज्यू आणि ख्रिस्ती माणसासाठी ते देवाच्या महिमेचे शब्द. नॉस्टिक लेखक तिथेच थांबून विचारतो: दुसरा कोणी नसेल तर हा ईर्ष्या कोणाची करतो? मला या सगळ्या वाङ्मयातली ही सर्वांत धारदार ओळ वाटते. एका प्रश्नात लेखकाने धर्मग्रंथ जसाच्या तसा ठेवला आणि त्याचा अर्थ पुरता उलटा केला.

पुढे या अधिकाऱ्यांना पाण्यावर वरच्या लोकातल्या मानवाची प्रतिमा दिसते. तिच्यासारखा माणूस घडवू म्हणून ते आदाम करतात. हाडे एकाने, स्नायू दुसऱ्याने, असा सगळा देह जुळवून होतो, पण तो हलत नाही, उठत नाही. तेव्हा वरच्या लोकाकडून याल्दाबाओथला सल्ला मिळतो, ‘याच्या तोंडात फुंकर घाल.’ तो फुंकर घालतो, आणि आईकडून घेतलेले सामर्थ्य नकळत त्याच्यातून निघून आदामात जाते. आदाम उठतो, आणि घडवणाऱ्यांपेक्षा तो शहाणा ठरतो. मग मत्सराने ते त्याला आणखी जड द्रव्यात, पृथ्वी-पाणी-अग्नी-वारा यांच्या देहात कोंडतात आणि विस्मरणाचे बंधन घालतात. माणसाची स्थिती ती हीच: घर वरचे, मुक्काम खालचा, आणि कुठून आलो याची आठवण पुसलेली.

या कथेतून चर्चच्या शिकवणुकीशी होणारा पहिला फरक सरळ निघतो. ख्रिस्ती शिकवणुकीत माणसाचा मूळ दोष म्हणजे आज्ञाभंग. आदामाने देवाचे ऐकले नाही. नॉस्टिक कथेत दोष माणसाच्याही आधी, वरच्या लोकातच घडून गेला आहे, आणि माणूस त्याचे फळ भोगतो आहे. त्याची अडचण पाप ही नसून विस्मरण ही आहे. म्हणून त्याला क्षमेपेक्षा जागे करणारा हवा.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातल्या आदाम-हव्वेच्या बागेकडे या दृष्टीने पाहा. ज्ञानाच्या झाडाचे फळ खाऊ नका, असे देव का सांगतो? ‘सत्याची साक्ष’ या नाग हम्मादीच्या लेखनात हा प्रश्न थेट विचारला आहे. हा कसला देव, ज्याने आदामाला ज्ञान मिळू नये असे वाटून घेतले? आणि ‘आदाम, तू कुठे आहेस?’ असे त्याला विचारावे लागले, तर त्याला आधी ठाऊक नव्हते का? दुसऱ्या एका ग्रंथात दिव्य स्त्रीतत्त्व सर्पात शिरते आणि हव्वेला शिकवते. मात्र ‘नॉस्टिक सापाची पूजा करत’ असे सरसकट कोणी लिहिले असेल तर ते मानू नका. योहानाच्या गुप्त ग्रंथातच सापाकडे शिक्षकाचे काम नाही. फळ खायला लावणारा मीच होतो, असे तिथे ख्रिस्त सांगतो. मोशे हा परंपरेने उत्पत्तीच्या पुस्तकाचा लेखक, आणि त्याच ग्रंथात ‘मोशेने सांगितले तसे नव्हे’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. जलप्रलयातून वाचणारा नोहासुद्धा तारवात नाही, तेजस्वी ढगात लपतो. जुना करार फेकून द्यायचा नाही, पण त्यातल्या देवाच्या तोंडचे खरे मानायचे नाही, अशी ही वाचनाची रीत आहे.

सगळे इतके टोकाला गेले नाहीत. व्हॅलेंटायनसच्या परंपरेतल्या टॉलेमीने फ्लोरा नावाच्या स्त्रीला लिहिलेले एक पत्र टिकले आहे, तेही एका विरोधकाने चौथ्या शतकात पूर्ण उतरवून घेतल्यामुळे. मोशेच्या नियमशास्त्राबद्दल लोक दोन टोके गाठतात, असे टॉलेमी म्हणतो. एक म्हणतात ते परमपित्याचे, दुसरे म्हणतात सैतानाचे. तो दोन्ही नाकारतो. नियमशास्त्राचे तो थर पाडतो: काही देवाचे, काही मोशेचे स्वतःचे, काही वडीलधाऱ्यांनी घातलेले. देवाच्या भागातही दहा आज्ञा शुद्ध, डोळ्याबद्दल डोळा ही आज्ञा अन्यायात मिसळलेली, आणि सुंता व शब्बाथ हा विश्रांतीचा दिवस ही केवळ प्रतीके. मग असा नियम देणारा कोण? परिपूर्ण पिताही नाही आणि सैतानही नाही. मधला, न्यायी पण अपूर्ण असा सृष्टिकर्ता. पत्राची भाषा शांत आहे, शिष्येला हळूहळू पुढे नेणारी. इतक्या शतकांपूर्वी एका धर्मग्रंथात वेगवेगळ्या हातांचे थर ओळखण्याचा हा प्रयत्न मला आजही थक्क करतो.

याच परंपरेत जगाची उत्पत्ती सोफियाच्या दुःखातून झाली असे सांगत. तिच्या अश्रूंतून पाणी झाले, तिच्या हसण्यातून प्रकाश, तिच्या शोकातून आणि गोंधळातून जड द्रव्य. आयरेनियसने याची टिंगल केली आहे: अश्रू खारट, मग नद्यांचे गोडे पाणी कुठून आले? टिंगल वाचताना वाचक हसतो. पण जग हे कोणाच्या तरी वेदनेचे घट्ट झालेले रूप आहे, ही कल्पना ज्यांनी केली त्यांनी दुःखाकडे किती बारकाईने पाहिले होते, हे हसण्याच्या भरात सुटू नये.

टॉलेमी आणि याल्दाबाओथची कथा लिहिणारा यांच्यात एवढे अंतर असेल तर दोघांना एकाच नावाखाली बसवावे का? अभ्यासकांत हा मोठा वाद आहे. मायकेल विल्यम्स यांनी १९९६ मध्ये आणि कॅरन किंग यांनी २००३ मध्ये सविस्तर मांडले की ‘नॉस्टिसिझम’ नावाचा एक सलग धर्म कधीच नव्हता, ती मोट नंतरच्यांनी बांधली. मी त्यांच्याशी बराचसा सहमत आहे. तरी कर्ता आणि परमेश्वर वेगळे, ही खूण धरून चालले तर हा शब्द उपयोगी राहतो. त्या खुणेमुळेच ‘थोमाचे शुभवर्तमान’ (शुभवर्तमान म्हणजे येशूचे चरित्र किंवा शिकवण सांगणारा ग्रंथ) या प्रसिद्ध लेखनाला मी नॉस्टिक म्हणायला कचरतो. त्यात येशूची ११४ वचने आहेत, राज्य तुमच्या आत आहे आणि बाहेरही आहे असे सुंदर वचन आहे, पण अज्ञानी सृष्टिकर्त्याची कथा कुठेच नाही.

चर्चशी दुसरा फरक ख्रिस्ताचा. चर्चसाठी येशूचे क्रुसावरचे मरण आणि पुनरुत्थान हेच तारण. देव खरोखर देही झाला, खरोखर मेला. नॉस्टिक ख्रिस्त मुख्यतः वरून उतरून आठवण करून देणारा आहे. देह जर कोंडवाडा असेल तर दिव्य पुरुष त्यात खरोखर कसा अडकेल? आयरेनियसच्या सांगण्यानुसार बासिलिडीस म्हणे की क्रुसावर गेला तो येशूचा क्रूस वाहणारा कुरेनेकर शिमोन, ख्रिस्त नव्हे. ‘फिलिप्पाच्या शुभवर्तमानात’ तर असे वाक्य आहे की प्रभू आधी मेला आणि मग उठला म्हणणारे चुकतात. तो आधी उठला आणि मग मेला. अर्थ असा की पुनरुत्थान हे जिवंतपणीच साधायचे. चर्चने ‘देहाचे पुनरुत्थान’ हे शब्द आपल्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या घोषणेत, इतक्या आग्रहाने का धरले, ते या वाक्याशेजारी ठेवून वाचले की लक्षात येते.

तिसरा फरक अधिकाराचा. आयरेनियस म्हणतो, सत्य शिष्यांकडून बिशपांकडे उघडपणे चालत आले आहे, शुभवर्तमाने चारच. नॉस्टिक म्हणतात, येशूने काही गोष्टी निवडक शिष्यांना एकांतात सांगितल्या. ‘मरियेच्या शुभवर्तमानात’ मग्दालिया मरिया प्रभूने आपल्याला दिलेले दर्शन सांगते. शिष्यांतला पेत्र चिडतो: आम्हाला डावलून तो एका स्त्रीशी गुप्तपणे बोलला का? मरिया रडते, आणि लेवी हा दुसरा शिष्य पेत्राला सुनावतो की तू नेहमीच तापट. या पानांमागे प्रत्यक्षातला वाद असणार. २०० च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन तक्रार करतो की या पाखंड्यांच्या बायका शिकवतात, वाद घालतात, कदाचित बाप्तिस्माही देतात, आणि त्यांच्यात आज एक बिशप तर उद्या दुसरा. पण यावरून नॉस्टिकांना आजच्या अर्थाने स्त्रीवादी ठरवू नये. वर उल्लेखलेल्या थोमाच्या संग्रहाचे शेवटचेच वचन म्हणते की मरियेला पुरुष केले तरच ती राज्यात येईल.

आणि एक कडू भाग. अनेक नॉस्टिक शिक्षक माणसांचे तीन वर्ग मानत: जडाचे, मनाचे आणि आत्म्याचे. चर्चमधले साधे श्रद्धावान मधल्या वर्गात. त्यांना सत्कर्मांनी मधले तारण मिळेल, पूर्णत्व नाही. चर्चने ज्या गुलाम, मजूर, निरक्षर माणसांना ‘तुमच्या श्रद्धेने तुम्ही तरलात’ असे सांगितले त्यांना हे बोलणे कसे लागले असेल, याची कल्पना करावी. चर्च जिंकले ते केवळ सत्तेच्या जोरावर असे अनेक जण लिहितात. नॉस्टिकांशी मुख्य वाद झाला त्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत चर्चकडे सत्ता नव्हती, छळ होता. सगळ्यांसाठी उघडे दार ही त्याची खरी ताकद होती असे मला वाटते.

नॉस्टिकांचा वाद केवळ ज्यू-ख्रिस्ती परंपरेशी होता असेही नाही. रोममध्ये तिसऱ्या शतकात प्लोटायनस या तत्त्वज्ञाच्या वर्गात असे लोक येत. ‘झोस्ट्रियानोस’ आणि ‘अलोजेनीस’ या नावांचे ग्रंथ ते दाखवत, अशी नोंद त्याच्या शिष्याने केली आहे, आणि याच नावांची लेखने नाग हम्मादीत निघाली. प्लोटायनस स्वतः देहाकडे फार आदराने पाहणारा नव्हता. तरी तो त्यांच्यावर संतापला. हे लोक अगदी हीन माणसाला भाऊ म्हणतील पण सूर्याला आणि ताऱ्यांना भाऊ म्हणणार नाहीत, असे तो लिहितो. त्याच्या मते जग हे वरच्या सौंदर्याची प्रतिमा आहे, आणि प्रतिमेचा तिरस्कार करणाऱ्याला मूळ कळलेलेच नसते. यहुदी, ख्रिस्ती, पुढे इस्लाम आणि हा मूर्तिपूजक ग्रीक, सगळे इथे एका बाजूला उभे राहतात: जगाचा उगम चांगल्यात आहे.

आणि आपल्याकडचे? वेदान्ताशी साम्य आहेच. ‘सत्याचे शुभवर्तमान’ या लेखनात अज्ञानी जीवनाला दुःस्वप्नाची उपमा दिली आहे. स्वप्नात माणूस पळतो, कोणी पाठलाग करते, कोणी मारते, आणि जागे होताच काहीच नसते. कोणताही अद्वैती यावर मान डोलावेल. योहानाच्या गुप्त ग्रंथात तर ज्ञान न झालेला जीव पुन्हा देहाच्या बेडीत टाकला जातो आणि जाग येईपर्यंत फिरत राहतो, असेही आहे.

पण आता ब्रह्मसूत्रांचे दुसरेच सूत्र घ्या: ‘जन्माद्यस्य यतः’. ज्यापासून या जगाची उत्पत्ती, स्थिती, लय होतो ते ब्रह्म. म्हणजे जगाचे कारण आणि मुमुक्षूचे ध्येय एकच, हे वेदान्त आरंभीच सांगून मोकळा होतो. शांकरमतात जग मिथ्या असेल, पण ईश्वर सर्वज्ञ आहे, तो फसलेला नाही आणि फसवतही नाही. अज्ञान जीवाला बाधते, त्याला नाही. सांख्य पुरुष आणि प्रकृती वेगळे मानतात, तेव्हा तेच जास्त जवळचे वाटतील. पण सांख्यकारिकेत वासरासाठी दूध पाझरावे तशी जड प्रकृती पुरुषाच्या मोक्षासाठी राबते असे म्हटले आहे. नॉस्टिकांच्या जगात सृष्टी कोणाच्याही मोक्षासाठी राबत नाही. तिचे अधिकारी वर जाणाऱ्या जिवाला प्रत्येक आकाशाच्या वेशीवर अडवतात. आणि ज्ञानदेवांचा चिद्विलास तर याच्या अगदी उलट टोकाला आहे, तिथे जग म्हणजे चैतन्याचाच विलास. पसायदान ज्या देवाला मागितले तो ‘विश्वात्मक’ आहे. नॉस्टिकाच्या तोंडी तो शब्द येणार नाही. विश्वाचा आत्मा असलेल्या देवाकडेच तर तो पाठ फिरवतो.

याल्दाबाओथसारखा कोणी भारतात शोधायचाच असेल तर पाली ग्रंथांत जावे. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात, नव्या विश्वचक्राच्या आरंभी एक जीव रिकाम्या ब्रह्मविमानात प्रथम जन्मतो. त्याला एकटेपण वाटते, दुसरे असावेत असे वाटते. इतर जीव आपापल्या कर्माने तिथे येतात, आणि याची समजूत होते की मीच यांना निर्माण केले, मीच कर्ता. दोन्ही कथांत स्वतःला एकमेव कर्ता समजणारा अज्ञानी देव आहे. फरक असा की बौद्धांचा ब्रह्मा केवळ गैरसमजात आहे, तो कोणाला कोंडत नाही. आणि माणसाच्या आत वरून पडलेली दिव्य ठिणगी बौद्ध मानत नाहीत.

हे साम्य देवाणघेवाणीतून आले का? अलेक्झांड्रियाचा व्यापार त्या काळी कल्याण, सोपारा, भरुच या बंदरांशी चाले, आणि अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाने बुद्धाचे नावही लिहिले आहे. पण मालाबरोबर नॉस्टिकांचा हा विचार आला-गेला असे दाखवणारा एकही पुरावा माझ्या पाहण्यात नाही. बंदरांची नावे जोडून सिद्धान्त उभा करणाऱ्यांपासून सावध राहावे.

खरा, नोंदलेला दुवा एकच मोठा आहे: मानी. मेसोपोटेमियात २१६ मध्ये जन्मलेला हा माणूस एका बाप्तिस्मावादी पंथात वाढला. तरुणपणी, २४० च्या आसपास, तो समुद्रमार्गे सिंधच्या बाजूला आला. परत गेल्यावर त्याने झरथुष्ट्र, बुद्ध आणि येशू यांना आपले पूर्वसूरी म्हटले. त्याच्या धर्मात प्रकाश आणि अंधार ही दोन्ही तत्त्वे अनादी, आणि प्रकाशाचे कण सगळ्या वस्तूंत अडकलेले. त्याचे ‘निवडलेले’ साधक मांस खात नसत, स्वतः फळही तोडत नसत. अन्न उपासकांनी आणून द्यायचे. जैन मुनींची आठवण अनेक अभ्यासकांना झाली आहे ती याचमुळे. मानी इराणी तुरुंगात मेला, पण त्याचा धर्म उत्तर आफ्रिकेपासून चीनपर्यंत पसरला. संत ऑगस्टीन तरुणपणी नऊ वर्षे या धर्माचा ‘श्रोता’, म्हणजे उपासक, होता, आणि चीनमध्ये फुजियान प्रांतातल्या एका देवळात मानीची १३३९ सालची दगडी मूर्ती अजून आहे.

आज कोणी नॉस्टिक आहे का, हेही विचारले जाते. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत नव्याने स्थापलेल्या लहान मंडळ्या आहेत, त्या पुस्तकांवरून उभ्या राहिल्या. अखंड परंपरा असलेला एकच समाज उरला आहे, दक्षिण इराक आणि इराणच्या खुझिस्तानातले मंडाई. त्यांच्या नावातच ज्ञान आहे, भाषा आरामाईकची एक शाखा, मुख्य ग्रंथ गिन्झा रब्बा. जग घडवणारा प्ताहिल हा त्यांच्याकडेही खालचा, चुकलेला कारागीर. बाप्तिस्मा देणारा योहान त्यांना पूज्य आहे, येशू नाही. बाप्तिस्मा वाहत्या पाण्यातच आणि पुन्हा पुन्हा घ्यायचा, पांढरी वस्त्रे नेसून.

जग परके मानणारा धर्म संसार सोडायला लावणारच, असा समज असेल तर तो मंडाईंपाशी अडतो. ते लग्न हे कर्तव्य मानतात, ब्रह्मचर्य हे पाप. धर्मात येता येत नाही, मंडाई आई-बापांच्या पोटीच जन्मावे लागते. २००३ नंतरच्या हिंसेत त्यांच्यातले बहुतेक इराक सोडून गेले. मोठ्या वस्त्या आता स्वीडन आणि ऑस्ट्रेलियात आहेत, आणि सिडनीतले मंडाई नेपियन नदीत बाप्तिस्मा करतात. विखुरलेल्या या समाजापुढे पुरोहित पुरेसे नसणे आणि तरुणांची लग्ने बाहेर होणे हे दोन प्रश्न सध्या सर्वांत निकडीचे आहेत. बाहेर लग्न करणाऱ्यांच्या मुलांना धर्मात घ्यायचे की नाही, यावर त्यांच्यातच वाद चालू आहे.